वृक्षवैद्य आणि त्याचा दोर

झाडालाहि वैद्य लागतो, आणि तोहि शस्त्रक्रिया करणारा, असें म्हटलें म्हणजे पुष्कळांना प्रथम हंसूं येतें. वास्तविक त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्याकडे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथांत झाडांचे विकार वात, पित्त आणि कफ या तीन दोषांच्या हिशेबानें मांडलेले आहेत आणि त्यांवर लेप, धूप असे उपायहि सांगितलेले आहेत. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत ज्याला ‘ट्री सर्जन’ म्हणतात त्याचा धंदा निराळा आहे. झाडाखालीं उभें राहून लेप लावणें हें त्याचें काम नाहीं. तो झाडावर चढतो, आणि बहुधा दोरावरून चढतो. त्याला मराठींत वृक्षवैद्य म्हणण्यास हरकत नसावी. मात्र त्याच्या वैद्यकींत औषधांची पेटी नाहीं, दोर आहे आणि करवत आहे.

हिवाळ्यांत सकाळच्या वेळीं लंडनच्या एखाद्या जुन्या चौकांत गेल्यास हा माणूस पुष्कळदां दृष्टीस पडतो. पानें गळून गेलेलें ‘प्लेन’ जातीचें एखादें सहा-सात मजली उंचीचें झाड. त्याच्या शेंड्याजवळच्या बेचक्यांतून खालीं आलेला एक रंगीत दोर. आणि तो दोर कमरेशीं अडकवून आडव्या फांदीच्या टोंकाकडे तिरप्या पावलांनीं सरकत जाणारा एक माणूस. करवतीचा आवाज अधूनमधून येतो आणि थांबतो. मधला सगळा वेळ तो काय करीत असतो हें खालून पाहणाऱ्याला उमगत नाहीं. तो दोर सोडवीत असतो, दुसऱ्या फांदीवरून घेत असतो, गांठ तपासून पाहत असतो, आणि हातापायांना पक्का आधार मिळेपर्यंत करवतीला हात लावीत नाहीं. फांदी कापावयास अर्धें मिनिट पुरतें. तिच्यापर्यंत पोंचून तेथें स्थिर उभें राहण्यास कधीं कधीं अर्धा तास लागतो.

या धंद्याला दोन गोष्टी शिकाव्या लागल्या, आणि त्या दोन्ही उशिरां. झाडाची जखम म्हणजे नेमकें काय ही पहिली. झाडाला नवी जखम न करतां आणि स्वतःचा जीव न गमावतां वर कसें राहावें ही दुसरी. पहिली कळल्यावांचून दुसरीचें महत्त्व ध्यानांत येत नाहीं, म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे.

या धंद्याचा आद्य पुरुष म्हणून जॉन डेव्ही याचें नांव घेतात. १८४६ सालीं इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत जन्मलेला हा मनुष्य. वयाची विशी येईपर्यंत त्याला अक्षरओळखहि नव्हती. बागकाम शिकून १८७३ सालीं तो अमेरिकेस गेला, आणि पुढें ओहायओ राज्यांतील केंट या गांवीं दफनभूमीची देखभाल करण्याची नोकरी त्यानें पत्करली. तेथल्या मोडक्या व पोखरलेल्या झाडांवर त्यानें आपले प्रयोग केले. १९०१ सालीं त्याचें ‘द ट्री डॉक्टर’ हें पुस्तक निघालें, आणि १९०९ सालीं त्यानें व त्याच्या मुलांनीं या कामाची रीतसर कंपनी स्थापन करून तरुणांना हें काम शिकविण्याचीहि सोय केली. मोडकें झाड म्हणजे सरपण असाच हिशेब जेथें चालत होता, तेथें तें वांचवितां येतें असें सांगणारा हा माणूस लोकांना थोडा विक्षिप्त वाटला असल्यास नवल नाहीं.

परंतु डेव्हीच्या पिढीनें झाडावर जे उपचार केले त्यांपैकीं पुष्कळसे आज चुकीचे ठरले आहेत. त्यांच्यापुढें आदर्श होता दंतवैद्याचा. दांत किडला म्हणजे कीड कोरून काढावयाची आणि पोकळी भरून टाकावयाची. तोच न्याय त्यांनीं खोडाला लावला. ढोलींतील कुजका भाग जिवंत लांकूड लागेपर्यंत छिनीनें खरवडून काढीत, आंत जंतुनाशक द्रव फांशीत, आणि पोकळी सिमेंटनें बुजवीत. झाड डोललें म्हणजे तडा जाऊं नये म्हणून सिमेंट थराथरानें घालीत. काम मोठें सुबक होई. बागेचा धनी पाहुण्यांना तें कौतुकानें दाखवी. कित्येक वर्षांनीं तेंच झाड पाडण्याची वेळ आली, म्हणजे करवतीचें पातें आंत दडलेल्या सिमेंटवर आदळे आणि पहिल्या वैद्याची कारागिरी दुसऱ्याच्या जिवावर येई.

ही समजूत मुळापासून बदलण्याचें श्रेय अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाकडे जातें. बुरशीमुळें लांकूड कुजतें हें जर्मनीच्या रॉबर्ट हार्टिगनें एकोणिसाव्या शतकांतच दाखविलें होतें. शायगो १९५९ सालीं अमेरिकेच्या वनखात्यांत दाखल झाला, तेव्हां एका माणसास चालवितां येणारी यांत्रिक करवत नुकतीच हातीं आली होती. पूर्वींचे अभ्यासक खोड आडवें कापून पाहत. शायगोनें हजारों झाडें उभीं चिरलीं आणि जखमेपासून कूज कोणत्या वाटेनें जाते व कोठें थांबते याचा माग काढला. १९७७ सालीं त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्याचें सार असें : माणसाच्या कातडीवरील जखम भरून येते, म्हणजे मेलेल्या पेशींच्या जागीं नव्या पेशी येतात. झाडाला हें साधत नाहीं. झाडाचें जखमी लांकूड जन्मभर जखमीच राहतें. झाड करतें तें एवढेंच, कीं तेवढा भाग कोंडून टाकतें. जुन्या वाड्याच्या एका खोलींत आग लागली असतां घरच्यांनीं ती विझविण्याची आशा सोडून भोंवतालच्या खोल्यांचीं दारें धडाधड लावून घ्यावीं, तसा हा प्रकार आहे. वरखालीं पसरण्याची वाट एक भिंत अडविते, आंत गाभ्याकडे जाण्याची दुसरी, बाजूंनीं पसरण्याची तिसरी. आणि जखम झाल्यानंतर जें नवें लांकूड तयार होतें त्याच्या कडेला झाड चौथी, सर्वांत बळकट, भिंत उभी करतें. वाड्याची ती खोली जळते, पण पुढें त्याच्या बाहेरून नवा वाडा बांधला जातो. ढोली असलेलीं झाडें शेंकडों वर्षें उभीं राहतात तीं अशीं.

आतां सिमेंटवाल्या वैद्याची चूक स्पष्ट होते. जिवंत लांकूड लागेपर्यंत खरवडणें म्हणजे लावलेलें दार स्वतःच्या हातानें उघडणें होय. ढोलींत सांठलेलें पाणी काढण्यासाठीं खोडाला भोंक पाडण्याची जुनी चाल होती, तिचाहि हाच दोष. कापलेल्या जागीं डांबर किंवा रंग फांसण्याची चाल तर अजून कोठें कोठें टिकून आहे. त्यानें कूज थांबत नाहीं, फक्त ती दिसत नाहीं. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे फांदी खोडाशीं अगदीं सपाट कापणें. फांदी जेथें खोडांतून फुटते तेथें तिच्या बुंध्याशीं सालीची एक फुगीर कड असते. झाडाची भिंत उभारण्याची शक्ति याच कडेंत असते. कड राखून तिच्या किंचित् बाहेर काप घेतला तर झाड आपलें काम आपण करतें. सुबकपणासाठीं कडहि छाटली तर जखम फांदीची न राहतां खोडाची होते.

येथें आपल्या कोंकणांतील नारळाची आठवण होणें साहजिक आहे. माडावर चढण्यासाठीं खोडाला पायाच्या अंतरानें खांचा पाडण्याची रीत कोंकणांत व गोव्यांत आढळते. आंबा किंवा वड आपली जखम नव्या लांकडाखालीं हळूहळू झांकून टाकूं शकतो, कारण सालीखालीं वाढीचा जिवंत थर त्याला असतो. माडाला तो थर नसतोच. त्यामुळें एकदां पाडलेली खांच माडाच्या अंगावर जन्मभर तशीच उघडी राहते. मुंबईंत पावसाळ्यापूर्वीं रस्त्यांवरच्या झाडांची छाटणी दरवर्षीं होते, आणि १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानें झाडावर हात टाकण्यापूर्वीं परवानगी घेणें आवश्यक केलें आहे. परंतु काप खोडापासून किती अंतरावर पडला, शेंडाच सरसकट उडविला कीं नेमकी वाळकी फांदी काढली, हें शेवटीं करवत धरणारा हातच ठरवितो. शेंडा उडविलेल्या झाडाला पुढच्या वर्षीं शेंकडों कोंवळे धुमारे फुटतात, आणि झाड जोमदार झालें असें धन्याला वाटतें. तें वास्तविक उपासमारीचें लक्षण असतें, आणि ते धुमारे मोठे झाले म्हणजे कुजक्या बुडावरून पहिल्या वादळांत निखळतात.

जखमेचें हें ज्ञान झाल्यावर चढण्याच्या पद्धतीकडे निराळ्या दृष्टीनें पाहणें भाग पडलें. खोडावर चढण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे पोटऱ्यांना बांधावयाचे पोलादी कांटे. टांच मारली कीं कांटा सालींत रुततो. तारेच्या खांबावर चढणारे लोक असेच कांटे वापरीत. परंतु जिवंत झाडावर प्रत्येक पाऊल म्हणजे एक नवी जखम. छाटणीसाठीं आलेल्या वैद्यानें झाडाला पन्नास भोंकें पाडून वर जावें यापेक्षां तो न आलेला बरा. म्हणून कांटे आतां जें झाड पाडावयाचेंच आहे त्याच्यासाठीं राखून ठेवतात, आणि जगवावयाच्या झाडावर दोरानें जातात. एखाद्या वृक्षवैद्याची परीक्षा करावयाची असेल तर त्यानें छाटणीच्या कामाला कांटे काढले आहेत काय, एवढें पाहिलें तरी पुरे.

दोर वर न्यावयाचा कसा, हा पहिला प्रश्न. शिशाच्या छऱ्यांनीं भरलेली तीन-चारशें ग्रॅम वजनाची एक लहान थैली असते. तिला बारीक, गुळगुळीत दोरी बांधलेली असते. चढणारा दोन पाय फांकून उभा राहतो, थैली दोन्ही हातांनीं पायांमधून झुलवतो आणि वरच्या ठरलेल्या बेचक्यावर नेम धरून सोडतो. उंच झाडासाठीं माणसापेक्षां उंच दांड्यावर बसविलेली एक भली मोठी गलोलहि वापरतात. लहानपणीं कैऱ्या पाडलेल्या कोणालाहि तिची कळ सांगावी लागणार नाहीं. थैली पलीकडून खालीं आली म्हणजे तिच्या दोरीला खरा दोर बांधून ओढून घेतात. मग दोघेजण त्या दोराला आपला भार देऊन लोंबकळतात, आणि बेचकें दुर्बिणींतून नीट पाहून घेतात. एवढें झाल्यावांचून कोणी जमिनीवरून पाय उचलीत नाहीं.

खरा दोर अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा आणि बहुधा ४५ मीटर किंवा त्याहून अधिक लांब असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तो मनिला तागाचा, म्हणजे फिलिपाइन्समधील केळीच्याच कुळांतल्या एका झाडाच्या धाग्याचा असे. तो भिजला म्हणजे फुगे, कडक होई, आणि आंतून कुजूं लागला तरी वरून धड दिसे. युद्धानंतर नायलॉन व पॉलिएस्टर आलें, आणि या धंद्यांतील मरणाचें एक कारण पुष्कळ अंशीं दूर झालें.

खरी खुबी दोरांत नाहीं, गांठींत आहे. दोराचें एक टोंक चढणाऱ्याच्या पट्ट्याला बांधलेलें असतें. तेथून दोर बेचक्यावरून जाऊन पुन्हां त्याच्याकडे उतरतो, आणि या उतरत्या पदरावर त्याच दोराच्या उरलेल्या शेपटाचे कांहीं वेढे घालून एक गांठ मारलेली असते. गांठीवर भार आला कीं ती आंवळते आणि पकडून धरते. भार काढून हातानें ढकलली कीं सरकते. चढतांना माणूस स्वतःला वर ओढतो आणि गांठ पुढें सारतो. दोर दोन पदरी असल्यामुळें एक मीटर वर जावयास दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण जोर निम्मा लागतो. उतरतांना गांठीच्या माथ्यावर हात ठेवून ती अलगद दाबली कीं तो खालीं येऊं लागतो. मात्र उतरण्याची घाई केली तर घर्षणानें नायलॉन तापून चकाकूं लागतें, आणि अशी चकाकी आलेली गांठ पुढच्या खेपेस धरीलच याचा भरंवसा नाहीं.

ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रूसिक यानें १९३१ सालीं अशी एक गांठ प्रसिद्ध केली; तिच्या नांवाशीं पर्वतांवर चढणारे सगळेच परिचित आहेत. झाडांवर चढणाऱ्यांत फार प्रिय झालेली दुसरी एक गांठ ‘ब्लेकची गांठ’ म्हणून ओळखली जाते, कारण जेसन ब्लेक या वृक्षवैद्यानें १९९४ सालीं एका व्यावसायिक नियतकालिकास पत्र लिहून ती सर्वांना कळविली. हाइन्झ प्रोहास्का या ऑस्ट्रियन गृहस्थानें तीच गांठ त्यापूर्वींच शोधून काढलेली होती हें पुढें उघड झालें. ब्लेकनेंहि ती स्वतंत्रपणें शोधली होती; नांव मात्र त्याचें राहिलें. अलीकडे गांठीच्या जागीं धातूचीं लहान यंत्रें आलीं आहेत. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोर हलता न ठेवतां एका जागीं पक्का करून, पायाला व गुडघ्याला अडकविलेल्या चापांनीं जिना चढल्याप्रमाणें त्यावरून चढण्याची रीतहि रूढ झाली आहे. तिनें खांद्यांवरचा ताण पुष्कळच कमी झाला. तरी शिकाऊ मुलाला प्रथम गांठ शिकविणाऱ्यांचें म्हणणें चूक नाहीं : गांठ कशी धरते हें बोटांना कळलें असेल तरच यंत्र केव्हां धरणार नाहीं हें कळेल.

दोर बेचक्यावरून सतत सरकत राहिला तर तो सालीलाहि करवतीसारखा कापतो. म्हणून बेचक्यांत एक पट्टा टाकतात. त्याच्या दोन टोंकांना दोन कड्या असतात, आणि दोर त्या कड्यांतून जातो. दोन्ही कड्या सारख्या नसतात, एक मोठी तर एक लहान. काम संपल्यावर दोराच्या टोंकाला बांधलेला गोळा मोठींतून पार होतो व लहानींत अडकतो, आणि जमिनीवरूनच ओढून पट्टा खालीं काढून घेतां येतो. झाडाच्या अंगावर ओरखडाहि राहत नाहीं.

चढणाऱ्याच्या अंगावरील पट्टा कमर व मांड्या दोहोंना आधार देतो. दोन्ही कुल्ल्यांच्या मध्यें पुढच्या बाजूस दोराचा एक आंखूड तुकडा असतो आणि त्यावर एक कडी सरकत राहते. माणसाचा सगळा भार या हातभर तुकड्यावर असतो. जोडणीसाठीं कॅराबिनर वापरतात, परंतु साधे नव्हेत. ज्याचें तोंड दोन-तीन निरनिराळ्या हालचाली केल्यावांचून उघडत नाहीं असे. याखेरीज एक आंखूड कमरदोर असतो. तो खोडाभोंवतीं किंवा फांदीभोंवतीं घालून दुसऱ्या बाजूला अडकवितात, आणि कित्येकदां त्याच्या गाभ्यांत पोलादी तार असते. तिचें कारण उघड आहे. या धंद्यांत माणसाचा जीव ज्या वस्तूवर टांगलेला असतो, ती वस्तु कापणारें हत्यार त्याच्याच हातांत असतें. यांत्रिक करवत सुरू करण्यापूर्वीं दोन स्वतंत्र जागीं बांधून घ्यावें, हा नियम यामुळेंच झाला. बारीक कामाला अजूनहि वांकड्या पात्याची हातकरवतच बरी पडते. पायांत घालावयाच्या विजारींत लांब धाग्यांचे थर शिवलेले असतात. करवत चुकून मांडीवर आली तर हे धागे सांखळींत गुरफटून ती जागच्या जागीं थांबवितात. जमिनीवर काम करणाऱ्याला हें संरक्षण समोरून असलें तरी पुरतें. चढणाऱ्याला तें सर्व बाजूंनीं लागतें, कारण वर पाय कोणत्या दिशेला असेल याचा नेम नसतो.

फांदीच्या टोंकाकडे जाणें हें या कामांतील सर्वांत नाजूक अंग. दोर शेंड्याला बांधलेला. माणूस जसजसा खोडापासून दूर जाईल तसतसा दोर तिरपा होत जातो. अशा वेळीं पाय घसरला तर माणूस खालीं पडत नाहीं, झोंपाळ्यासारखा खोडाकडे फेंकला जातो. म्हणून अनुभवी माणूस दूरच्या बाजूला दुसरा दोर बांधून घेतो आणि दोहोंच्या मध्यें तोल सांभाळीत जातो.

घराच्या अंगणांत उभें असलेलें मोठें झाड पाडावयाचें असेल, खालीं कांचेचें छप्पर आणि शेजाऱ्याची भिंत असेल, तर तें वरून खालीं तुकड्या-तुकड्यांनीं उतरवावें लागतें. आधीं फांद्या, मग खोड. शेवटीं झाडाचा नुसता सोट उरतो, आणि त्याच्या माथ्याशीं कांटे रोंवून तो माणूस उभा असतो. कापाच्या जरा खालीं एक भक्कम कप्पी बांधलेली. वरच्या तुकड्याला दोर. दोराचे वेढे जमिनीवर बुंध्याशीं बसविलेल्या पोलादी नळकांड्यावर, आणि त्याचें टोंक खालच्या साथीदाराच्या हातांत. तुकडा सुटतो, क्षणभर मोकळा पडतो, आणि त्याचा सगळा हिसका त्याच सोटाला बसतो ज्याला वरचा माणूस बांधलेला असतो. साथीदारानें दोर एकदम आंवळला तर सोट चाबकासारखा हलतो. त्यानें दोर आधीं पळूं दिला आणि मग हळूहळू रोखला, तर वरच्याला नुसती थरथर जाणवते. पाहणारे सगळे वर पाहत असतात. पण त्या अर्ध्या सेकंदांत वरच्याची हाडें खालच्याच्या हातांत असतात. नव्या गड्याला पुष्कळ दिवस फांद्या ओढण्याचें आणि त्या चुरा करणाऱ्या यंत्राशीं नेण्याचेंच काम देतात, तें उगाच नव्हे.

ब्रिटनमध्यें झाडावरच्या कामाला एकट्यानें जाऊं नये असा दंडक आहे. जमिनीवर किमान एक माणूस असा हवा, कीं जो वर चढून जखमी साथीदाराला उतरवूं शकेल. आणि त्याचा दोर, पट्टा सकाळपासून मांडून तयार पाहिजे. बेशुद्ध माणूस पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहणें हेंहि धोक्याचें असतें, त्यामुळें अग्निशामक दळाची वाट पाहण्यास वेळ नसतो. कामाला आरंभ करण्यापूर्वीं सकाळीं जो कागद भरतात त्यांत झाडाची हकीकत असते, वटवाघळें किंवा घरटीं आहेत काय याची नोंद असते, कारण कायद्यानें त्यांना संरक्षण आहे आणि तीं आढळलीं तर काम थांबवावें लागतें. आणि अपघाताची सोय असलेलें सर्वांत जवळचें रुग्णालय कोणतें हेंहि लिहिलेलें असतें. या वैद्यांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. ती १९७६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथें प्रथम भरली. चपळाईनें चढणें, नेम धरून थैली फेंकणें यांबरोबरच झाडावर अडकलेल्या पुतळ्याला ठराविक वेळांत सुखरूप उतरविणें हाहि तींत एक प्रवेश असतो. स्त्रियाहि या स्पर्धेंत उतरतात.

तरीहि सगळी सामग्री शेवटीं झाडावर टांगलेली असते, आणि झाडच धड नसेल तर दोराचा उपयोग काय? एल्म झाडांवरच्या रोगाची दुसरी सांथ ब्रिटनमध्यें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि तिनें अडीच कोटींहून अधिक झाडें मारलीं. १९८७ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस पहाटेच्या वादळानें दक्षिण इंग्लंडांत सुमारें दीड कोटी झाडें एका रात्रींत लोळविलीं. या दोन्ही वेळीं धंद्याला काम तुटपुंजें पडलें नाहीं, हें सांगणें थोडें निष्ठुरपणाचें होईल, पण खरें आहे. त्या वादळांतील एक गोष्ट मात्र निराळी आहे. लंडनजवळच्या क्यू उद्यानांत १७९८ सालीं लावलेला ‘टर्नर्स ओक’ नांवाचा एक वृक्ष बरेच दिवस खंगत चालला होता. वादळानें तो मुळांच्या गड्ड्यासकट उचलला आणि पुन्हां त्याच जागीं बसविला. कांहीं वर्षांनीं पाहतात तों झाड टवटवीत! लोकांच्या पायांखालीं दबून दगड झालेली माती वादळानें मोकळी केली होती. तेव्हांपासून तेथील तज्ज्ञ म्हाताऱ्या झाडांच्या मुळांशीं दाबाची हवा सोडून माती सैल करतात. आपल्या शहरांतील पदपथांवर झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतणाऱ्यांनीं ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

२०१२ सालीं ब्रिटनमध्यें ॲश झाडांवर पूर्व आशियांतून आलेल्या एका बुरशीचा रोग आढळला, आणि त्यानें चढणाऱ्यांपुढें नवीनच संकट उभें केलें. निरोगी ॲशचें लांकूड चिवट. हत्यारांचे दांडे त्याचेच करीत. रोगट ॲशचें लांकूड मात्र ठिसूळ होतें, आणि तें केव्हां, कोठें मोडेल याचा अंदाज जुन्या अनुभवानें करतां येत नाहीं. पंचवीस वर्षें झाडाच्या आवाजावरून आणि पायाखालच्या लवचिकपणावरून निर्णय घेणाऱ्या माणसाचें ज्ञान या एका झाडापुरतें निरुपयोगी झालें. अशा झाडावर आतां शक्य तों कोणी चढत नाहीं. यंत्राच्या पाळण्यांत उभें राहून, झाडाला स्वतःचा भार न देतां, तें बाहेरून कापतात.

अपघात न होतांहि हा धंदा शरीर झिजवितो. खांदे, कोंपरें, मनगटें दुखूं लागतात, करवतीच्या कंपनानें बोटें पांढरीं पडून बधिर होतात, आणि चाळिशी आली कीं पुष्कळजण चढणें सोडून परीक्षणाकडे किंवा शिकविण्याकडे वळतात. जोंवर चढणें चालू आहे तोंवर दिवसाची अखेर ठरलेली असते. ब्रिटनच्या १९९८ च्या नियमांप्रमाणें माणूस उचलण्याच्या सामग्रीची जाणकाराकडून दर सहा महिन्यांनीं कसून तपासणी व्हावी लागते. परंतु कोणताहि शहाणा चढणारा सहा महिने थांबत नाहीं. संध्याकाळीं करवती गाडींत ठेवून झाल्या, भुसा झाडून झाला, म्हणजे तो हातमोजे काढतो आणि सबंध दोर उघड्या बोटांमधून हातहात सरकवीत नेतो. कोठें धागा तुटला आहे काय, कोठें चकाकी आली आहे काय, कोठें आंतला गाभा बोटाला मऊ लागतो काय, हें पाहतो. तसें कांहीं आढळलें तर तो दोर बाजूला ठेवून भागत नाहीं. उद्यां सकाळच्या घाईंत कोणी चुकून उचलील. म्हणून चाकू काढून तो त्याचे तेथल्या तेथेंच हात-दोन हात लांबीचे तुकडे करून टाकतो.